दुसरा घाव

आमच्या घरात कोंबडी कापायची वेळ आली की मी गोठ्यात जाऊन बसायचो. बायको यावरून मला हसायची, पाहुण्यारावळ्यांनाही सांगायची. मी कधी तालमीत गेलो नाही, जत्रेत कोणाची कॉलर धरली नाही, शाळेत गुरुजींचा मार खाल्ला तोही मान खाली घालून. पुढे कोर्टात माझ्या वकिलाने न्यायाधीशांना हेच सगळं सांगितलं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. होऊ नये हेच बरोबर. पण मी कसा माणूस होतो ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून आधी सांगून टाकलं.

राजुरीच्या शिवारात आमचा मळा आहे. माझं घर आणि माझ्या चुलत भावाचं घर समोरासमोर, मधे दोन वावरं आणि विहीर. विहीर आजोबांनी खणलेली, दोन्ही घरांची सामाईक. तीन दिवस पाणी त्याचं, तीन दिवस माझं. जुनी माणसं गेली तरी कुठलाही कागद न करता हे असंच चालू होतं. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणतो. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला पोहायला शिकवलं ते त्यानेच, याच विहिरीत. माझे वडील वारले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. त्या साली माझ्या कांद्याची लागवड त्याने आधी उरकून दिली आणि स्वतःची मागे ठेवली. त्याचा कांदा त्या वर्षी उशिरा निघून सडला. त्याबद्दल तो कधी बोलला नाही.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. सगळ्या भागाला टोमॅटोचं वेड लागलं होतं आणि विहिरी मात्र मार्चमध्येच तळ दाखवायला लागल्या होत्या. अशा एका वर्षी, होळीच्या सुमाराला, गावात एक पाणाड्या आला. जमिनीखाली पाणी कुठे आहे ते सांगणारा माणूस. गावाच्या पलीकडच्या अंगाला एकाला बोअर घ्यायची होती, त्याने त्याला आणलं होतं. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो वावरातून सावकाश चालायचा. नारळ उभा राहिला की तिथे पाणी. त्याने दोन जागा दाखवल्या. एकीला पाणी लागलं, दुसरी कोरडी गेली. कोरडीची कोणी चर्चा केली नाही.

पन्नाशीच्या आतला असेल, अंगाने सडपातळ. पांढरा शर्ट, रोज धुतलेला. विडी नाही, तंबाखू नाही, दारू तर नाहीच. कोणाच्याही घरात शिरायच्या आधी पाय धुवायचा. बोलणं आमच्यासारखं रांगडं नव्हतं, आणि आवाज इतका हळू की ऐकायला आपणच पुढे वाकावं लागायचं. गाव कुठलं म्हणून विचारलं तर एकाला त्याने संगमनेरकडचं सांगितलं, दुसऱ्याला साताऱ्याकडचं. हे आम्ही नंतर एकमेकांना विचारून ताडून पाहिलं. तेव्हा कोणाला गरज वाटली नाही.

माझ्या कांद्याच्या चाळीला लागून अवजारांची एक खोली होती. आठ-दहा दिवस पाठ टेकायला जागा मिळेल का, असं त्याने मला विचारलं. मी हो म्हणालो. तो जवळजवळ तीन महिने राहिला. फुकट राहत नव्हता. अंगण झाडायचा, बैलांना पाण्यावर न्यायचा, बायकोच्या हातातली घागर घ्यायचा. संध्याकाळी धारा काढून झाल्या की चाळीपुढच्या दगडावर बसून मला काहीबाही विचारायचा. लहानपणी काय खात होतो, वडील कसे गेले, कोणी मनाला लागेल असं बोललं होतं का. मला तोवर असं कोणी विचारलंच नव्हतं. शेतकऱ्याच्या घरात कोण कोणाला असं विचारतं? मी बोलत सुटायचो. आज वाटतं, विहिरीत नव्हे, तो माझ्यात पाणी शोधत होता.

एक दिवस म्हणाला, "आपली विहीर पाहिली मी. मोठा झरा आपल्या वावराच्या अंगाने येतोय. मग आपल्यालाच पाणी कमी का पडतं?"

मी म्हणालो, यंदा दोघांनाही कमीच आहे.

"तसंच असेल," तो म्हणाला. "जाऊ द्या. मी काही बोललो नाही."

हे त्याचं नेहमीचं होतं. एखादी गोष्ट अर्धी सांगायची आणि मग जाऊ द्या म्हणायचं. दादाची मोटार माझ्या मोटारीपेक्षा मोठी आहे हे मला माहीत होतं, आम्ही दोघांनी मिळूनच ती आळेफाट्याहून आणली होती. पण त्याने विचारलं, "ती मोठी घ्यायचं कोणी ठरवलं?" आणि मी दोन दिवस त्याचाच विचार करत राहिलो. एकदा म्हणाला, तुमचे बंधू पारावर तुमच्याबद्दल काही तरी बोलत होते, मला सांगणं बरं दिसत नाही. मी मागे लागलो तेव्हा म्हणाला, त्यांचं म्हणणं असं की तुम्हाला बाप राहिला नाही आणि कणाही नाही. दादा असं बोलेल का, हे मी स्वतःला विचारलंच नाही. कणा नाही, हे मला आतून खरं वाटलं होतं, म्हणून ते दादा बोलला असेल हेही खरं वाटलं.

मी दादाच्या ओट्यावर चहाला जाणं सोडलं. वहिनीने एकदोनदा हाक मारली, मी काम सांगून टाळलं. दादाने बांधावर गाठून विचारलं, काय झालंय. मी म्हणालो, काही नाही. तो आपल्या वावराकडे निघून गेला.

बायकोला तो माणूस पहिल्यापासून आवडला नव्हता. ती म्हणाली, "ह्यो मानूस आल्यापासून तुमी जेवताना माझ्याकडं बगत न्हाई. त्याला जायला सांगा." मी तिला म्हणालो, तो आपलं काय घेतोय? ती म्हणाली, तेच कळत नाय. तेवढ्यावर आमचं बोलणं संपलं.

मग त्याने मला खूण करायला सांगितली. माझे तीन दिवस संपले की पाणी जिथे असेल तिथे विहिरीच्या दगडावर रंगाची रेघ ओढायची आणि दादाचे तीन दिवस झाले की पाणी किती उतरलं ते पाहायचं. बैलांच्या शिंगांना लावायचा लाल रंग घरात होताच. मी पायऱ्या उतरून रेघ ओढली. तीन दिवसांनी पाहिलं तर पाणी हातभर खाली गेलेलं. मग माझी पाळी. माझ्या तीन दिवसांत वीतभरच उतरलं. पुन्हा रेघ, पुन्हा दादाचे तीन दिवस, पुन्हा हातभर. महिनाभर हे असंच चाललं. पाणाड्या पायऱ्यांवर माझ्यामागे उभा राहायचा आणि सुस्कारा टाकायचा.

मी दादाला विचारू शकलो असतो. दोघं मिळून पायऱ्या उतरून पाहू शकलो असतो. दहा मिनिटांचं काम होतं. पण तोवर विचारणं म्हणजे हार असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

तो दिवस माझ्या पाळीचा होता. टोमॅटो फुलावर होते आणि सुकायला लागले होते. वीज सकाळी यायची, दुपारी जायची. मी मोटार चालू केली, पाणी सऱ्यांत लावलं आणि फवारणीचं औषध आणायला आळेफाट्याला गेलो. बायको माहेरी गेली होती. मी परत आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तो रस्त्याच्या तोंडाशी, बाभळीखाली उभा होता, जणू माझीच वाट पाहत.

"आज आपला दिवस ना?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो.

"मग विहिरीवर त्यांची मोटार कशी चालू आहे? आपली बंद आहे."

माझी मोटार मधूनमधून अडकायची, म्हणून पाईप खोलायचा दोन फुटी लोखंडी पाना मी सायकलच्या मागे बांधून ठेवत असे. सायकल मी तिथेच आडवी टाकली. पाना सोडून घेतला तो मोटार पाहायला घेतला की दुसऱ्या कशाला, हे मला वकिलाने विचारलं, पोलिसांनी विचारलं, आणि मी अजून स्वतःला विचारतो. मला खरंच सांगता येत नाही.

दादा विहिरीच्या काठाला पाठमोरा वाकून उभा होता, मोटारीच्या पाईपला चिंधी गुंडाळत होता. मी हाक मारली असेन, कारण तो वळला. माझ्याकडे बघून हसला. ते हसणं मी त्या महिन्यांत ऐकलेल्या सगळ्या गोष्टींशी जोडलं आणि पाना मारला. तो खांद्यावर बसला. दादा खाली बसला आणि हात पुढे करून म्हणाला, "आरं, काय झालं तुला?"

मी थांबलो. हे मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं आहे आणि याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी थांबलो होतो. पाना खाली गेला होता. बाभळीपासून माझ्यामागोमाग आलेला पाणाड्या अगदी जवळून, नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाला, "आता थांबू नका."

आणि मी दुसरा मारला. तो कानाच्या वर बसला.

दादा आडवा झाला. मग मोटारीचा आवाज ऐकू यायला लागला, आधीपासून येतच असणार. पाणी कुठे चाललंय म्हणून मी मान वळवली. दादाच्या मोटारीचं पाणी त्याच्या वावराकडे जात नव्हतं. पाटाला मधे माती टाकून त्याने ते माझ्याकडे वळवलं होतं. माझ्या टोमॅटोच्या सऱ्या निम्म्याहून जास्त भिजल्या होत्या. माझ्या मोटारीचा फ्यूज जळला होता. त्याने येऊन पाहिलं, वीज जायच्या आत माझं भिजावं म्हणून आपली मोटार लावली आणि एकेका सरीला पाणी वळवत दारं धरत बसला. हे मला वहिनीने नंतर कोर्टात साक्ष देताना ऐकवलं. पण त्या सऱ्या पाहूनच मला सगळं कळलं होतं.

वहिनी ओरडत पळत आली. तिचा आवाज ऐकून शेजारच्या मळ्यातले लोक आले, दादाला जीपमध्ये घालून नारायणगावला नेलं, तिथून पुण्याला. मी पाना हातात धरून काठावर बसून होतो, कोणीतरी तो काढून घेतला. तो माणूस तेव्हा तिथे नव्हता. दुपारच्या एसटीत बसताना त्याला एका म्हातारीने पाहिलं होतं. अंगावर धुतलेला शर्ट होता, हातात पिशवी होती, आणि त्याने तिला चढायला हात दिला होता.

दादा वाचला. उजव्या कानाने ऐकू येईना, तो कान गेलाच. उजव्या हाताला कंप राहिला, त्यामुळे खुरपं धरता येईना. पोलिसांना त्याने एवढंच सांगितलं की यानं मारलं, का मारलं ते यालाच विचारा. मी त्या माणसाबद्दल सांगितलं. त्यांनी शोध घेतला. त्याने दिलेलं नाव आणि गाव कुठेच जुळलं नाही. फौजदार वयस्कर होते, माझ्याशी वाईट वागले नाहीत. एकदा म्हणाले, "तो सापडला तरी काय करू? मारलंस तू." त्यानंतर मी त्या माणसाचं नाव घेणं बंद केलं. घेतलं की मला माझंच बोलणं सबब दिल्यासारखं ऐकू यायचं.

जामिनावर सुटून घरी आलो तेव्हा पहिल्यांदा विहिरीवर गेलो. पावसाळा उशिरा सुरू होत होता, पाणी तळालाच होतं. पायऱ्या उतरून मी रेघा पाहिल्या. प्रत्येक लाल रेघेच्या वीतभर खाली दगड खरवडलेला होता, आणि खरवडलेल्या खाचांत लाल रंग अडकून राहिला होता. मी ओढलेल्या रेघा पाणाड्याने घासून काढल्या होत्या आणि वर नव्या ओढल्या होत्या, म्हणून दादाच्या पाळीत पाणी दुप्पट उतरल्यासारखं दिसायचं. हे त्याने कधी केलं कोण जाणे. मी त्या पायरीवर खूप वेळ बसलो. बायको शोधत आली, तिला दाखवलं. मी सांगितलं होतं, असं ती म्हणू शकली असती.

खटला चार वर्षं चालला. मला शिक्षा झाली, येरवड्याला दोन वर्षांहून थोडे जास्त दिवस काढले. तिथल्या दिवसांबद्दल मला लिहायचं नाही. फार वाईट होते असं नाही. पहाटे उठणं आणि काम करणं माझ्या अंगवळणी होतं. तिथे प्रत्येकाकडे आपली गोष्ट होती आणि प्रत्येकाच्या गोष्टीत दुसरंच कोणीतरी दोषी होतं. मी माझी कोणाला सांगितली नाही.

सुटून आल्यानंतरची गोष्ट. दोन हजार साल उलटून गेलं होतं. बायकोच्या नात्यातल्या एकाचा दहावा होता, आंबेगाव तालुक्यात, महाळुंगे पडवळला. घोड नदीच्या काठावर विधी झाले, लोक जेवायला थांबले. माझं प्रकरण सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे मी बाजूला, एका घराच्या ओट्यावर बसलो होतो. त्या घरातली म्हातारी पाणी घेऊन आली. कुठले पावणं म्हणून विचारलं, मी गाव सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या गावाचं नाव एका पाणाड्याच्या तोंडून ऐकलं होतं. राजुरीला मी फार पाणी दाखवलं, असं तो सांगायचा.

मी विचारलं, दिसायला कसा होता. ती म्हणाली, शर्ट पांढराफेक. पाय धुतल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई. लई गोड बोलायचा.

तिच्या मुलाचं आणि शेजाऱ्याचं एका बांधावरून थोडं कुरबुरीचं होतं, सगळ्यांचं असतं तेवढंच. पाणाड्या त्यांच्याकडे दोन महिने राहिला. त्यानंतर मुलाने शेजाऱ्यावर कुऱ्हाड चालवली. शेजारी जागीच गेला. मुलगा जन्मठेपेत होता. मी काळ विचारला तेव्हा कळलं, हे आमच्यानंतर दोन वर्षांनी घडलं. म्हणजे मी जामिनावर घरी बसलो होतो, गप्प राहिलो होतो, आणि दहा-बारा कोसांवर तो दुसऱ्या एका दगडावर बसून दुसऱ्या कोणाला लहानपणाबद्दल विचारत होता.

मी तिला माझी हकीकत सांगितली. पहिल्यांदाच कोणाला तरी सगळी सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "त्यानं तुमच्याकडून काय नेलं?"

मी म्हणालो, काही नाही.

"आमच्याकडूनबी काय नेलं न्हाई," ती म्हणाली. "काय नेलं असतं तर बरं व्हतं. कळलं तरी असतं कशापायी आला व्हता."

घरी आल्यावर तीन दिवस मी घालमेलीत काढले. दादा आणि मी त्या दुपारनंतर एक शब्द बोललो नव्हतो. चौथ्या दिवशी सकाळी मी त्याच्या ओट्यापाशी गेलो. तो शेंगा फोडत बसला होता, डाव्या हाताने. मी उजवीकडे उभा राहून बोललो, त्याला ऐकू आलं नाही. मग लक्षात येऊन डावीकडे गेलो. म्हातारीचं सगळं सांगितलं. विहिरीतल्या खरवडलेल्या रेघांचंही सांगितलं, जे इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

तो शेंगा फोडत राहिला. मग म्हणाला, "पयला मारलास, त्यो मी समजू शकतो. डोकं फिरतं मानसाचं. दुसरा का मारलास?"

मी म्हणालो, "त्यानं सांगितलं, थांबू नका."

"आन् मी काय म्हणलो व्हतो, ते ऐकू आलं व्हतं का तुला?"

मी म्हणालो, आलं होतं.

त्याने मान हलवली. माझा राग केला नाही आणि मला माफही केलं नाही. आत हाक मारून वहिनीकडून टोपी मागून घेतली आणि म्हणाला, चल. कुठे म्हणून मी विचारलं नाही.

आम्ही एसटीने म्हातारीच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांसमोर दादाने स्वतः सगळं सांगितलं, कंप पावणारा हात दुसऱ्या हाताने धरून. मी रंगाच्या रेघांचं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, वर्णन लिहून घेतलं. मग म्हणाले, नाव खरं नाही, फोटो नाही, आणि त्याने स्वतः हात उचललेला कोणी पाहिला नाही. आम्हाला ते माहीत होतं. दादा म्हणाला, साहेब, फकस्त येवढंच करा, गावागावांत पाटलांना कळवा, असा मानूस आला तर ठेवून घेऊ नका. साहेबांनी तेही लिहून घेतलं. पुढे काही कळलं नाही. तो कुठे पकडला गेला, की मेला, की अजून कुठे कोणाच्या अंगणात झाडलोट करतोय, मला ठाऊक नाही.

परतीच्या गाडीत दादा खिडकीपाशी बसला आणि डोळे मिटून राहिला. गावच्या फाट्यावर उतरलो तेव्हा दिवस कलला होता. मळ्यापर्यंत अर्ध्या तासाची वाट. तो पुढे चालला, मी चार पावलं मागे. दोन घरांची वाट फुटते तिथे तो क्षणभर थांबला, मला वाटलं काही बोलेल. त्याने पायातली चप्पल झटकून खडा काढला आणि आपल्या घराकडे वळला.